फवारणीच्या ड्रोनचा ओळख क्रमांक

पिकावर औषध फवारण्यासाठी ड्रोन लावण्यापूर्वी त्याचा ओळख क्रमांक पाहून घेणे अगत्याचे आहे. ‘ड्रोन नियम, २०२१’ अन्वये प्रत्येक यंत्राची संगणकावर नोंद होऊन त्यास स्वतंत्र क्रमांक मिळतो. तो क्रमांक यंत्राच्या कारखान्यातील क्रमांकाशी, तसेच त्यातील उड्डाण-नियंत्रक आणि जमिनीवरील चालन-संच यांच्या क्रमांकांशी जोडलेला असतो. यास्तव नियंत्रक बदलल्यास आधी नोंद सुधारावी, मगच उड्डाण करावे. यंत्र विकल्यास नोंद नव्या मालकाच्या नावे करावी. वाऱ्याने औषध शेजारच्या पिकावर जाऊन नुकसान झाले, तर यंत्र कोणाचे हे या क्रमांकावरून कळते. नोंद जुनीच राहिल्यास बालंट पूर्वीच्या मालकावर येते आणि नुकसान सोसणाऱ्यास दाद मिळणे कठीण होते. ग्रामकार्यकर्त्यांनी ही गोष्ट शेतकरी बंधूंस समजावून द्यावी.