संगणकातला झरोका

अकलोलीला तानसेच्या काठी गरम पाण्याची कुंडे आहेत. जमिनीतून येणाऱ्या त्या पाण्याला कुंडाचा बांध आहे, म्हणून आंघोळ सुखाची होते. शाळेतल्या संगणकातही असाच एक बांध असतो. त्याचे नाव कर्नल. पलटणीतला कर्नल नव्हे, बरं का!

१९६९ साली अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत युनिक्सचा आरंभ झाला. लिनक्स, ओपनबीएसडी ही त्याच वळणाची. ह्या घराण्याचा रिवाज असा की, यंत्राला हात लावायचा तो कर्नलने. पत्राचा प्रोग्राम असो की हिशेबाचा, त्याने कर्नलकडे मागणी करायची. त्यामुळे एक प्रोग्राम बिघडला तरी बाकीचा संसार चालू राहतो.

मग चित्राचे काय? १०२४ गुणिले ७६८ चा साधा पडदा घेतला तरी जवळजवळ आठ लाख ठिपके! दर ठिपक्याला कर्नलकडे अर्ज करायचा, तर एक चित्र उमटायला उजाडायचे. म्हणून पडद्यावर चित्रे काढणाऱ्या 'एक्स' ह्या प्रोग्रामला पुष्कळ वर्षे थेट मुभा होती. पडद्याच्या स्मृतीत तो स्वतः लिही, ग्राफिक्स कार्डाला स्वतः हुकूम सोडी, आणि त्यासाठी 'रूट' म्हणजे सर्वाधिकारी होऊन चाले. काम झपाट्याने होई, पण बांधाला भोक पडले ते पडलेच.

ओपनबीएसडीवाले मोठे सावध. त्यांच्याकडे ह्या भोकाला 'ॲपर्चर' म्हणतात; आपण झरोका म्हणू. तो मुळात बंद. हवा असल्यास सेटिंगच्या फाइलीत शून्याच्या जागी १ किंवा २ लिहायचे आणि यंत्र पुन्हा सुरू करायचे. चालू यंत्रात तो उघडत नाही; म्हणजे मागाहून शिरलेल्या चोराला, तो रूट झाला तरी, लगेच उघडता येऊ नये. तरीही २००६ साली लोइक दुफ्लो ह्या फ्रेंच संशोधकाने दाखवून दिले की, एक्सला दिलेल्या अधिकारांच्याच वाटेने प्रोसेसरच्या आतल्या दालनात शिरता येते आणि पहारा चुकवता येतो.

अखेर चित्राचे खाते कर्नलने स्वतःकडे घेतले. लिनक्समध्ये २००९ साली, २.६.२९ ह्या आवृत्तीत, इंटेलच्या कार्डांपासून पडद्याची मांडणी कर्नलकडे आली. आता ठिपक्याठिपक्याला अर्ज नाही. कर्नल चित्रापुरती जागा वाटून देतो आणि कार्डासाठीच्या हुकमांचा गठ्ठा एकदम स्वीकारतो.

शिक्षकमित्रांनो, जुन्या यंत्राचा पडदा काळा राहिला की कोणीतरी सांगतो, 'रूट होऊन चालवा.' त्याच यंत्रात मुलांचे निकाल असतील, तर आधी कर्नल ते कार्ड ओळखतो का, ते पाहा. ओळखत असेल, तर बहुधा झरोका बंद ठेवूनही चित्र दिसते.