दहीवड्यातली हवा

वाटलेल्या उडीद डाळीचा बोराएवढा गोळा वाटीभर पाण्यात सोडून बघा. तो तळाशी गेला, तर गॅस पेटवायची घाई करू नका, पीठ अजून फेटायला हवं आहे. तो वर तरंगला, तर वडे हलके होतील. आणि हलके झाले तरच पुढे दह्यात मुरतील. तमिळनाडूतली थयिर वडै, कर्नाटकातले मोसरु वडे, आंध्रातला पेरुगु वडा या सगळ्यांचं बरंचसं भवितव्य या वाटीतच ठरतं. दही, फोडणी, वरून भुरभुरलेली कोथिंबीर हे सगळं नंतरचं.

गोळा तरंगतो का, याचं गणित सोपं आहे. भिजून फुगलेल्या डाळीत वजनाने निम्म्याच्या आसपास पाणी असतं, आणि वाटताना थोडं आणखी जातं. डाळीतला घन भाग पाण्यापेक्षा जड असल्यामुळे हवा न भरलेल्या पिठाची घनता पाण्याच्या साधारण १.१ पट येते. म्हणजे ते बुडायलाच हवं. तरंगायचं असेल तर पिठाच्या एकूण आकारमानात निदान दहा टक्के हवा शिरली पाहिजे. इडलीच्या पिठात हे काम रात्रभरात जिवाणू करतात. त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड पीठ फुगवतो. वड्याचं पीठ आंबवायचं नसतं. त्यात हवा भरायची ती हातानेच.

पण हवा कुठल्याही पिठात भरता येते. ती टिकून राहणं हा खरा प्रश्न आहे. चणाडाळ कितीही फेटली तरी तिचा वडा कुरकुरीत होतो, लुसलुशीत होत नाही. उडदात असं काय आहे, याचा शोध म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत एन. एस. सुशीलम्मा आणि एम. व्ही. एल. राव यांनी १९७०च्या दशकात घेतला. त्यांना दोन घटक सापडले. पहिला म्हणजे ग्लोब्युलिन जातीची प्रथिनं. ती हवेच्या बुडबुड्याभोवती पातळ पापुद्रा धरतात. दुसरा अराबिनोगॅलॅक्टन नावाचा बहुशर्करी पदार्थ. भिजलेल्या उडदाला हात लावला की जो बुळबुळीतपणा जाणवतो, तो याचाच. त्याच्यामुळे बुडबुड्यांमधलं पाणी घट्टसर होतं, झटकन ओघळत नाही, आणि बुडबुडे एकमेकांत मिसळून फुटत नाहीत. एकाने बुडबुडा बांधायचा, दुसऱ्याने तो सांभाळायचा. बाकीच्या डाळींत प्रथिनं असतात, पण हा बुळबुळीतपणा नसतो. दहीवडा मुळात उडदाचाच का, याचं उत्तर एवढंच आहे. मुगाचे दहीवडे होतात आणि चांगलेही लागतात. पण त्यांचं पीठ भरपूर फेटावं लागतं, आणि बऱ्याच घरांत त्यात मूठभर उडीद मिसळतातच.

आता दाक्षिणात्य स्वयंपाकघरांतले नियम या नजरेने बघा. डाळ तासभर, फार तर दोन तास भिजवायची, इडलीसारखी रात्रभर नाही. जास्त भिजलेली डाळ जास्त पाणी धरते, पीठ सैल होतं आणि सैल पीठ तेल पितं. वाटताना पाणी हाताने शिंपडायचं, तेही थंडगार. मिक्सरचं पातं मिनिटाला हजारो फेरे घेतं, घर्षणाने पीठ तापतं आणि तापलेलं पीठ सैल पडतं. कोइम्बतूरच्या वेट ग्राइंडरचे दगड सावकाश फिरतात. ते डाळ कापत नाहीत, चिरडतात, आणि पीठ सारखं उलटंपालटं करून त्यात हवाही कोंडतात. (या ग्राइंडरला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, आणि ते योग्यच आहे.) ज्यांच्या घरी दगडी रगडा आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. मिक्सरवाल्यांनी थांबून थांबून वाटावं, बर्फाचं पाणी वापरावं आणि नंतर पाच-सात मिनिटं हाताने फेटावं. ‘एकाच दिशेने फेटा’ हा मोठ्यांचा आग्रह मात्र मनावर घेऊ नका. हवेला उजवं-डावं कळत नाही. पीठ खालून वर उचललं जातंय ना, एवढंच बघायचं.

मीठ तळायच्या अगदी आधी घालतात, त्यालाही कारण आहे. ग्लोब्युलिन प्रथिनं नुसत्या पाण्यात फारशी विरघळत नाहीत, मिठाच्या पाण्यात विरघळतात. मीठ घालून ठेवलेलं पीठ थोड्याच वेळात ढिलं पडतं आणि मग बोटांना चिकटत, पसरत कढईत पडतं. असं झालं की लोक तांदळाची पिठी घालून ते सावरतात. वडा वळला जातो खरा, पण दहीवड्याच्या कामाचा राहत नाही.

तळणीत हवेचं पुढचं काम सुरू होतं. तेल १७० ते १८० अंश सेल्सिअस तापलेलं असतं, पण वड्याच्या आत पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही. भोवती उसळणारे बुडबुडे तेलाचे नसतात. ती वड्यातून निसटणारी वाफ असते. आतल्या बुडबुड्यांमधली हवा तापून फुगते, त्यांत वाफही शिरते, आणि त्याच वेळी भोवतीची प्रथिनं गोठतात, स्टार्च फुलून घट्ट होतो. वडा थंड झाला तरी ही पोकळ्यांची जाळी तशीच उभी राहते. मधलं भोक शोभेचं नाही. उष्णता आत पोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. चार सेंटिमीटर जाडीच्या गोळ्याऐवजी दोन सेंटिमीटर जाडीचं कडं केलं, तर वेळ निम्मा नव्हे, चौथाई होतो. नाहीतर बाहेरून तांबूस आणि मध्ये कच्चा, असा वडा पानात येतो. डाळीचे अख्खे दाणे पिठात राहिले किंवा हवेचा मोठा पोकळ खिसा राहिला, तर कोंडलेल्या वाफेने वडा तेलातच फुटतो. हा धोका खरा आहे, भोकामुळे तोही कमी होतो.

बाहेरचा सोनेरी रंग आणि खमंग वास हा फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामी मेलार्ड यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेल्या अभिक्रियेचा. सांबाराबरोबर खायच्या मेदूवड्यात तो जितका गडद तितका छान. दहीवड्याला मात्र फिकटच तळावं, कारण जाड कडक कवचातून पाणी आत जायला वेळ लागतो. खाण्याचा सोडा इथेच घात करतो. तो पीठ अल्कधर्मी करतो, त्यामुळे रंग लवकर चढतो, आत साबणासारखी चव उतरते आणि भोकं मोठी होऊन तेल जास्त शिरतं. नीट फेटलेल्या पिठाला सोडा लागतच नाही.

त्याच डाळीचं दुसरं टोक नामक्कलच्या मारुतीच्या गळ्यात दिसतं. आपल्याकडे मारुतीला रुईच्या पानांची माळ आणि उडीद. तमिळनाडूत उडदाच्या वड्यांचीच माळ घालतात. हे वडे जाडसर वाटलेल्या घट्ट पिठाचे, मिरे घातलेले, चपटे थापून पार कडक होईतो तळलेले असतात. पाणी जवळजवळ सगळं उडून गेलेलं असल्यामुळे ते कित्येक दिवस टिकतात. दह्यात टाकले तर मात्र चिवट होतात.

आता भिजवणं. माझ्या मते दहीवड्याचं सगळ्यात दुर्लक्षित पाऊल हेच. तळताना वड्यातून वाफ जोरात बाहेर पडत असते, त्यामुळे तेल फारसं आत येऊ शकत नाही. वडा कढईतून काढला की पोकळ्यांतली वाफ थंड होऊन पाणी होते, आतला दाब एकदम कमी होतो आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. तळलेल्या पदार्थातलं बरंचसं तेल अशा प्रकारे कढईबाहेर शिरतं. दहीवड्यात हीच ओढ आपल्या कामाची. झाऱ्यावर क्षणभर तेल निथळू दिलं आणि वडा गरम असतानाच कोमट पाण्यात सोडला, तर तो तेलाऐवजी पाणी ओढून घेतो. गार झालेला वडाही भिजतो, पण केवळ केशाकर्षणाने, सावकाश. मग तो दोन तळव्यांमध्ये हलकेच दाबायचा. स्पंज पिळावा तसं त्यातलं पाणी, उरलेली हवा आणि थोडं तेलही बाहेर येतं, आणि सोडल्यावर तो पुन्हा फुगताना भोवतालचं पातळ दही आत घेतो.

पातळ हा शब्द महत्त्वाचा. घट्ट दही हा प्रवाही पदार्थ नाही, ती केसीन प्रथिनांची जाळी आहे आणि तिच्यात पाणी अडकलेलं आहे. ही जाळी वड्याच्या बारीक भोकांतून आत जाऊ शकत नाही. आत जातं ते तिच्यातलं पाणी. कोरडा वडा थेट घट्ट दह्यात बुडवला की तो दह्यातलं पाणी शोषतो, दह्याचा चक्का होतो आणि वड्याचा गाभा तरीही कोरडाच राहतो. म्हणून आधी पाणी, मग पातळ केलेलं दही, आणि घट्ट दही अगदी शेवटी वरून. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात दुधात मुरवलेल्या वड्यांचा, ‘क्षीरवट’चा उल्लेख आहे. दूध दह्यापेक्षा कितीतरी पातळ, त्यामुळे ते वडे आतपर्यंत मुरत असणार यात शंका नाही.

दह्याचं विज्ञान वेगळ्या लेखाचा विषय आहे, इथे कामापुरतं. दुधाचा पीएच ६.६च्या जवळ असतो. विरजणातले जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात, पीएच ४.६ पर्यंत उतरतो आणि केसीन एकमेकांना धरून जाळी बांधतं. दूध आधी चांगलं उकळलेलं असेल, तर निवळीतली प्रथिनंही त्या जाळीत गुंततात आणि दह्याला पाणी कमी सुटतं. मीठ लवकर घातलं तर ते जास्त सुटतं, म्हणून दह्यात मीठ वाढायच्या थोडंच आधी. तमिळ घरांत ताज्या दह्यात थोडं दूध मिसळतात, कारण वडे मुरत असतानाही जिवाणूंचं काम चालूच असतं. दुधामुळे आंबटपणा आटोक्यात राहतो. ओलं खोबरं, हिरवी मिरची, आलं, जिरं वाटून दह्यात घालायची त्यांची रीत आहे. असं दही फ्रिजमधून काढल्या काढल्या खाऊ नये. खोबऱ्यातलं स्निग्ध २४ अंशांच्या आसपास वितळतं, त्याखाली ते थिजतं आणि दही रवाळ लागतं. आंध्रात दह्यात कच्ची मोहरी वाटून घालतात. मोहरी चिरडली की तिच्यातलं विकर जागं होऊन झणका तयार होतो. तेलात तडतडलेल्या मोहरीत हे विकर आधीच निकामी झालेलं असतं, म्हणून फोडणीला खमंगपणा असतो, झणका नसतो.

उडदाचं पीक मराठवाड्याच्या शेतात येतं आणि लातूरच्या डाळ गिरण्यांतून सालं काढलेली पांढरीशुभ्र डाळ देशभर जाते. तेव्हा सामान घरचंच आहे. सकाळी वडे करून दुपारी खाल्ले, तर दोन-तीन तासांत ते हवे तेवढे मुरतात. उन्हाळ्यात मुरवायचे असतील तर ते फ्रिजमध्येच, आणि वाढण्याआधी थोडा वेळ बाहेर. दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवलेत तर दही आंबट होतं आणि वड्याची जाळी दबून तो गिच्च होतो. वरून खारी बुंदी घालणार असाल, तर ती मात्र बशीत वाढतानाच घाला. पाच मिनिटांत तीही दही ओढून मऊ पडते.