कागदावरचे सूर कानापर्यंत कसे पोचले

(रेडिओवरचं बोलणं, वाचण्यासाठी थोडं नीट मांडून.)

आज आम्ही तुमच्यासाठी जरा लांबचं संगीत घेऊन आलो आहोत. यात शब्द नाहीत, नुसती तीन वाद्यं आहेत: पियानो, व्हायोलिन आणि चेलो. हे संगीत १८४६ साली जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात एका बाईने लिहिलं. तिचं नाव क्लारा शूमन. तेव्हा तिच्या घरात चार लहान मुलं होती आणि थोरली पाच वर्षांची होत आली होती. नवऱ्याची तब्येत बरी नव्हती. अशा घरात बसून तिने अर्ध्या तासाची ही रचना पुरी केली. पुढच्या वर्षी ती छापूनही आली.

तुम्ही म्हणाल, ते सगळं कौतुकाचं, पण आम्हाला त्याचं काय? आपलं रोजचं बोलणं नोंदीचं असतं. बचत गटाची वही, हजेरी, सातबाऱ्यावरचं नाव. काम केलं पण नोंद नाही, तर ते झालंच नाही असं धरतात. संगीतातही असंच झालं. बायांनी रचलेलं संगीत कितीतरी वर्षं कागदावर पडून राहिलं. त्याला आवाज मिळाला तो फार उशिरा, ध्वनिमुद्रणामुळे, म्हणजे रेकॉर्डिंगमुळे. ते कसं घडलं, तेच आज सांगायचं आहे.

खोलीतलं संगीत म्हणजे काय?

आधी वाद्यांची ओळख करून घेऊ. पियानोला आपल्या बाजाच्या पेटीसारख्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या असतात, पण भाता नसतो. पट्टी दाबली की आतली छोटी हातोडी तारेवर आपटते आणि सूर निघतो. व्हायोलिन तुम्ही पाहिलंच असेल. चेलो ही व्हायोलिनची थोरली बहीण. ती इतकी मोठी की खुर्चीवर बसून, गुडघ्यांत धरून वाजवावी लागते. तिचा आवाज खर्जातला, भरदार.

अशी दोन-चार-पाच वाद्यं एका खोलीत बसून वाजवतात, त्या संगीताला चेंबर म्युझिक म्हणतात. चेंबर म्हणजे खोली. मोठ्या वाद्यवृंदात पुढे उभा राहून हात हलवणारा एक जण असतो, इथे तसं कोणी नाही. प्रत्येकाने दुसऱ्याकडे कान ठेवायचा, कोणी पुढे जायचं, कोणी मागे राहायचं, हे आपापसात ठरवायचं. तीन वाद्यांच्या अशा रचनेला ट्रिओ म्हणतात.

युरोपात एकोणिसाव्या शतकातल्या संगीताला रोमँटिक काळाचं संगीत म्हणतात. रोमँटिक म्हणजे नुसतं प्रेमाचं नव्हे. मनातली उलघाल, आठवण, भीती, आनंद हे सगळं सुरांतून मोकळेपणाने सांगायचं, अशी त्या काळाची रीत होती. तेव्हा रेडिओ नव्हता, टेप नव्हता. संगीत ऐकायचं तर कोणीतरी समोर बसून वाजवावं लागे. वाजवणं थांबलं की संगीत संपलं, मागे उरे तो फक्त कागद.

क्लारा: वाजवायची मुभा, रचायचा संकोच

क्लाराचा जन्म १८१९ चा, लाइपझिग शहरातला. वडील पियानोचे शिक्षक. आई-वडील वेगळे झाले आणि तिथल्या कायद्याप्रमाणे मुलगी वडिलांकडे राहिली. वडिलांनी तिला लहानपणापासून कसून तयार केलं. नवव्या वर्षी ती लोकांसमोर वाजवू लागली. तरुणपणीच युरोपभर तिचं नाव झालं. रॉबर्ट शूमनशी लग्न करायला वडिलांचा सक्त विरोध होता. शेवटी दोघं कोर्टात गेले, परवानगी मिळवली आणि १८४० मध्ये, तिच्या एकविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी लग्न केलं.

रॉबर्टही मोठा संगीतकार. पण घर एक आणि काम दोघांचं. तो रचना करत असला की क्लाराला पियानोवर सराव करता येत नसे, कारण आवाजाने त्याचं लक्ष मोडे. कोणाचं काम आधी, हा प्रश्न त्या घरातही होता आणि उत्तर बहुतेक वेळा एकाच बाजूला जात होतं.

क्लाराला वाजवणारी म्हणून सगळे मानत होते. बाईने रचना करावी का, याबद्दल मात्र तिच्या स्वतःच्याच मनात शंका होती. लग्नाआधीच्या डायरीत तिने लिहून ठेवलं होतं की आजवर कुठल्या बाईला हे जमलेलं नाही, मग मी अशी आशा का धरावी. पुढे ट्रिओ लिहून झाल्यावरही तिला तो नवऱ्याच्या रचनेपुढे बायकी वाटला. गंमत अशी, की रॉबर्टने आपला पहिला पियानो ट्रिओ लिहिला तो तिच्यानंतर, १८४७ मध्ये.

१८५४ मध्ये रॉबर्टचं मानसिक आजारपण इतकं वाढलं की त्याला रुग्णालयात ठेवावं लागलं. दोन वर्षांनी तो गेला. क्लाराच्या पदरात सात मुलं होती. तिने गावोगावी, देशोदेशी कार्यक्रम करून घर चालवलं. तिच्या जवळजवळ १३०० कार्यक्रमांच्या छापील पत्रिका आजही जपून ठेवलेल्या आहेत. रचना करणं मात्र तिने जवळजवळ सोडूनच दिलं. ती १८९६ मध्ये वारली.

फॅनी: नाव भावाचं

त्याच काळात बर्लिनमध्ये फॅनी हेन्झेल नावाची दुसरी बाई होती. प्रसिद्ध संगीतकार फेलिक्स मेंडेल्सनची ही थोरली बहीण. दोघं एकत्र शिकली, एकाच तोलामोलाची. फॅनी चौदा वर्षांची असताना वडिलांनी तिला पत्रात समजावलं, की संगीत हा फेलिक्सचा कदाचित व्यवसाय होईल, तुझ्यासाठी तो फक्त दागिना राहील.

फॅनीची काही गाणी भावाच्या नावाने छापली गेली. १८४२ मध्ये फेलिक्स इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीला भेटायला गेला. राणीने त्याच्या पुस्तकातलं आपलं आवडतं गाणं म्हणून दाखवलं. ते गाणं नेमकं फॅनीचं निघालं! बिचाऱ्याला तिथल्या तिथे कबूल करावं लागलं, की हे माझं नाही, बहिणीचं आहे.

चाळिशीला आल्यावर, १८४६ मध्ये, फॅनीने स्वतःच्या नावाने संगीत छापायला सुरुवात केली. त्याच सुमारास तिने धाकट्या बहिणीच्या वाढदिवसासाठी पियानो, व्हायोलिन आणि चेलोचा ट्रिओ लिहिला. एप्रिल १८४७ मध्ये तो तिच्या घरच्या रविवारच्या मैफलीत वाजला. महिनाभरात, पुढच्या मैफलीची तालीम चालू असतानाच तिला झटका आला आणि ती गेली. वय ४१. हा ट्रिओ छापून आला तो १८५० मध्ये, तिच्या माघारी.

लाखेची तबकडी आणि चार मिनिटं

आता यंत्राची गोष्ट. एडिसनने १८७७ मध्ये आवाज साठवणारं यंत्र बनवलं. क्लारा तेव्हा हयात होती, वाजवत होती, तरी तिच्या बोटांचा आवाज आपल्याला ऐकायला मिळत नाही. तिच्या काही शिष्यांनी वाजवलेलं मात्र पुढे तबकड्यांवर उतरलं. त्यांतली फॅनी डेव्हिस ही एक.

सुरुवातीला मायक्रोफोन नव्हता. वाजवणारे एका मोठ्या कर्ण्यासमोर दाटीने बसत. व्हायोलिनचा नाजूक आवाज यंत्रापर्यंत पोचावा म्हणून त्यालाच कर्णा लावलेलं वेगळं वाद्य बनवलं होतं. १९२५ च्या सुमारास मायक्रोफोन आला आणि तारांच्या वाद्यांचा आवाज खराखुरा वाटू लागला.

त्या काळ्या तबकड्या लाखेच्या असत. हो, बांगड्यांची लाख तीच! आणि त्यासाठी जगाला लागणारी बरीचशी लाख आपल्या देशातल्या जंगलांतून जात होती. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम चार मिनिटं मावत. आता हिशोब करा. क्लाराचा ट्रिओ अर्ध्या तासाचा, म्हणजे सात-आठ बाजू. मधेच थांबायचं, तबकडी उलटायची, पुन्हा सुई ठेवायची. एवढा खटाटोप आणि खर्च कोणाच्या संगीतासाठी करायचा? ज्यांचं नाव आधीच मोठं, त्यांच्याच. न ऐकलेलं संगीत कोणी विकत घेत नाही, आणि विकलं जाणार नाही म्हणून ते मुद्रित होत नाही. या चक्रात बायांचं संगीत अडकून बसलं.

१९४८ मध्ये एका बाजूला वीस मिनिटांहून जास्त मावणारी एल.पी. तबकडी आली. मग कंपन्यांना थोडी जोखीम घेता येऊ लागली. १९७० नंतर बायकांच्या चळवळींमुळे जुने कागद शोधणाऱ्या अभ्यासक वाढल्या. त्या दशकाच्या सुरुवातीला बोझार ट्रिओ या नावाजलेल्या तिघांनी रॉबर्टच्या रचनांसोबत क्लाराचा ट्रिओही मुद्रित केला. पुढे डार्टिंग्टन ट्रिओने क्लारा आणि फॅनी या दोघींचे ट्रिओ एकाच सीडीवर आणले. नवऱ्याच्या किंवा भावाच्या शेजारी नव्हे, दोघी एकमेकींच्या शेजारी. २०२२ मध्ये आन-सोफी मुटर या जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक बाईंनीही क्लाराचा ट्रिओ मुद्रित केला.

मुद्रण झालं, पण नाव?

नुसतं मुद्रण पुरत नाही, नोंद खरी हवी. फॅनीने २२-२३ व्या वर्षी एकट्या पियानोसाठी एक रचना लिहिली होती, ईस्टर सोनाटा. तिचं हस्तलिखित १९७० मध्ये पॅरिसमध्ये सापडलं. त्यावर नाव 'एफ. मेंडेल्सन'. एफ म्हणजे फेलिक्सच, असं धरलं गेलं आणि १९७२ मध्ये भावाच्या नावाने तबकडी निघाली. २०१० मध्ये अँजेला मेस या अभ्यासिकेने ते हस्तलिखित स्वतः पाहिलं, अक्षर आणि पानं तपासली, आणि रचना फॅनीचीच आहे हे सिद्ध केलं. ८ मार्च २०१७ रोजी, महिला दिनी, बीबीसी रेडिओने ती फॅनीच्या नावाने ऐकवली. लिहिल्यापासून जवळजवळ १९० वर्षांनी.

आपल्याकडचं एक उदाहरण मुद्दाम सांगतो. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या, आणि त्यांसोबत गाणाऱ्या बाईचं नाव आणि गावही. त्यांतल्या बऱ्याच ओव्यांचं ध्वनिमुद्रणही झालं. नाव आणि आवाज दोन्ही जपले गेले, म्हणून ते काम मोलाचं.

ऐकायचं कसं?

फोनवर 'क्लारा शूमन पियानो ट्रिओ' असं बोलून शोधलंत तरी सापडेल. चार भाग आहेत. सगळं एकदम ऐकू नका, तिसऱ्या भागापासून सुरुवात करा. तो संथ आहे, पाच-सहा मिनिटांचा.

पहिल्यांदा ऐकताना चाल कोणाकडे आहे एवढंच पाहा. आधी पियानो एकटाच ती सांगतो. मग व्हायोलिन ती उचलतं. मधे वारा सुटावा तशी अस्वस्थता येते, सूर तुटक होतात. ती शमली की तीच चाल चेलो खर्जात म्हणते. मुलीने म्हटलेलं गाणं आजीने म्हणावं, तसं वाटतं.

दुसऱ्यांदा ऐकताना चाल सोडा आणि बाकीचे दोघं काय करतात ते ऐका. कोण आधार देतं, कोण उत्तर देतं, कोण गप्प राहतं.

तिसऱ्यांदा दुसऱ्या कोणी वाजवलेलं तेच ऐका. कागद तोच, तरी फरक कळेल. आजच्या पियानोत लोखंडी चौकट आणि जाड तारा असतात, त्याचा आवाज दणकट. तो जोरात वाजला की चेलो दबते. क्लाराच्या काळचा पियानो हलका, आवाज लवकर विरणारा, आणि व्हायोलिन-चेलोला आतड्यापासून केलेली तात असे. काही जण आता तशाच जुन्या वाद्यांवर मुद्रण करतात. त्यांत तिघांचं बोलणं सारखं ऐकू येतं.

एक सूचना. फोनच्या लहान स्पीकरमधून खर्जाचे सूर नीट येत नाहीत, चेलो हरवतेच. इअरफोन लावा, किंवा गटात ऐकताना मोठा स्पीकर जोडा.

गटात बोलण्यासाठी

१. तुमच्या घरात 'आत्ता आवाज करू नका, काम चाललंय' हे कोणाच्या कामासाठी म्हटलं जातं?

२. तुम्ही केलेलं कोणतं काम दुसऱ्याच्या नावावर लागलं आहे? ते बदलायला काय करावं लागेल?

३. तुमच्या गावात ओव्या, भोंडल्याची गाणी, पाळणे कोणाला येतात? या महिन्यात एकीच्या घरी जा. तिला विचारून, तिची परवानगी घेऊन, फोनवर मुद्रण करा. सुरुवातीलाच तिचं पूर्ण नाव, गाव आणि तारीख तिच्याच तोंडून बोलवून घ्या.

ते आमच्याकडे पाठवलंत तर आम्ही रेडिओवर लावू. तिच्या नावासकट.