रोजा, तलफ आणि दंडावरची पट्टी

मगरिबची अजान होते, खजूर तोंडात जातो, दोन घोट पाणी. आणि नमाज आटोपताच काही पुरुषांची पावले मशिदीबाहेरच्या पानटपरीकडे वळतात. जोगेश्वरीत पाहा, घाटकोपरला पाहा, अंधेरीत पाहा, दृश्य एकच. सेहरीपासून 13-14 तास ज्याने पाण्याचा थेंब घेतला नाही, त्याला पुढची 10 मिनिटे सिगारेटशिवाय निघत नाहीत. घरातल्या बायका विचारतात, "अल्लाहसाठी दिवसभर सोडता, मग संध्याकाळी काय होते?" प्रश्न रास्त आहे. उत्तर बरेचसे निकोटिनच्या वेगात दडलेले आहे.

झुरका घेतला की निकोटिन फुप्फुसातून 10 ते 20 सेकंदांत मेंदूत पोहोचते. रक्तातले त्याचे प्रमाण साधारण दर 2 तासांनी निम्मे होते. म्हणजे सेहरीच्या वेळी ओढलेल्या सिगारेटचे असरपर्यंत फारसे काही उरत नाही. डोके दुखते, चिडचिड होते, मुले अब्बांच्या आसपास फिरकत नाहीत. अशा आसुसलेल्या मेंदूवर इफ्तारनंतरचा पहिला झुरका आदळतो. दिवसातली सर्वांत गोड सिगारेट तीच. त्यामुळे रोजे 30 होऊनही ईदच्या दिवशी पाकीट खिशात असतेच.

यावर औषधशास्त्राने काढलेला मार्ग असा: निकोटिन द्यायचे, पण धूर आणि डांबर वगळून, आणि सावकाश. कल्पना स्वीडनमधली. 1967 साली तिथल्या लुंड विद्यापीठातील एका संशोधकाच्या लक्षात आले की पाणबुडीतल्या खलाशांना सिगारेट ओढता येत नाही, तेव्हा ते तंबाखू चघळून वेळ निभावतात. त्याने हे ओव्हे फर्नो या औषध कंपनीतल्या शास्त्रज्ञाला कळवले आणि त्यातून निकोटिनचा गम तयार झाला. 1978 मध्ये स्वित्झर्लंडने त्याला मंजुरी दिली. दंडावर लावायची पट्टी अमेरिकेत 1991 च्या सुमारास आली.

गममध्ये निकोटिन मोकळे नसते. ते राळेसारख्या एका पदार्थाच्या बारीक कणांना बांधलेले असते आणि चावू तसे थोडे थोडे सुटते. सोबत खाण्याच्या सोड्याच्या जातीचा क्षार घातलेला असतो, कारण निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून शिरायला लाळ क्षारयुक्त लागते. तळहातावर तंबाखूत चुना मळणारा माणूस नकळत हेच रसायनशास्त्र करत असतो! फरक इतकाच की त्याच्या चिमटीत मापही नाही आणि कॅन्सर करणारी इतर रसायने मात्र भरपूर आहेत.

आपल्याकडे गम घेणारे बरेच जण तो साध्या च्युइंगमसारखा चघळतात आणि "काही उपयोग नाही" म्हणून सोडून देतात. रस गिळला की उचकी लागते, छातीत जळजळ होते आणि निकोटिनचा बराच भाग यकृतातच संपतो. गम हळूहळू चावायचा. जीभ चुरचुरली की थांबून तो गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवायचा. चुरचुर ओसरली की पुन्हा चावायचा, असे अर्धा तास. आधीची 15 मिनिटे चहा, कॉफी, कोल्ड्रिंक नको, कारण त्यांच्या आम्लाने लाळेचा क्षार मोडतो. कटिंगवर चालणाऱ्या मुंबईत ही अट सर्वांत जड, हे आम्हाला ठाऊक आहे. 2 मिलिग्रॅमचा गम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो, 4 चा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ज्याला सिगारेट लागते, त्याला सहसा 4 चा लागतो.

पट्टीचे काम याहून शांत. तिच्यातले निकोटिन कातडीतून तासातासाने झिरपते, एकदम उसळत नाही, म्हणून तिची चटक लागत नाही. सर्वसाधारण पट्ट्या 21, 14 आणि 7 मिलिग्रॅमच्या असतात. मोठीपासून सुरुवात करून 8 ते 10 आठवड्यांत उतरायचे. मुंबईच्या उपनगरांना हे परके नाही. कांदिवलीतली रुसान फार्मा ही कंपनी निकोटिनची पट्टी बनवते.

आता रोज्याचे. गमचा रस घशाखाली जातो, तेव्हा दिवसा तो चालणार नाही. पट्टीबाबत मात्र आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने 1997 च्या जेद्दा अधिवेशनात ठराव केला आहे: कातडीतून शोषली जाणारी मलमे आणि औषधी पट्ट्या यांनी रोजा तुटत नाही. तरी आपल्या मशिदीतल्या मुफ्तीसाहेबांना विचारून घ्यावे. सेहरीला पट्टी लावली की असरची ती चिडचिड पुष्कळ कमी होते, आणि इफ्तारनंतर तलफ आलीच तर गम आहे. पट्टी आणि गम दोन्ही मिळून एकट्यापेक्षा अधिक उपयोगी पडतात, असे अनेक चाचण्यांत दिसले आहे. मात्र पहिल्या रोज्याला सुरुवात करू नये. शाबानमध्ये डॉक्टरांना भेटावे, म्हणजे मात्रा बसलेली असेल. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्यांनी आणि गरोदर भगिनींनी तर विचारल्याशिवाय काहीच घेऊ नये.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ 3.8 टक्के, तर बिनधुराची तंबाखू खाणारे 24.4 टक्के आढळले. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, तरी खाणे चालूच आहे. आणि कोकणातल्या आपल्या कितीतरी आपा-खालांच्या दातांवर सकाळी मिश्री असतेच. तिला कोणी व्यसन म्हणत नाही, दात घासणे म्हणतात. पट्टी आणि गमचा फायदा ओढणाऱ्यांमध्ये जितका ठळक दिसला, तितका खाणाऱ्यांमध्ये दिसलेला नाही. त्यांना समुपदेशनाची, पाठपुराव्याची जास्त गरज आहे. केंद्र सरकारची मोफत दूरध्वनी सेवा 1800-11-2356 याच कामासाठी आहे. हा क्रमांक तंबाखूच्या पाकिटांवरही छापलेला असतो. 2022 च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत निकोटिनचा समावेश झाला आहे, तेव्हा पालिकेच्या दवाखान्यातही विचारायला संकोच करू नये.

घरात लहान मुले असतील तर आणखी एक. काढलेल्या पट्टीत निकोटिन उरलेले असते. ती चिकट बाजू आत घेऊन दुमडावी आणि मुलांचा हात पोहोचणार नाही अशा डब्यात टाकावी. गमचे पाकीटही वरच्या फळीवर. मुलांना ते गोळ्या-चॉकलेटच वाटते.