परसातील पहारेकरी
दिवेलागण झाली, की परसातील लाकडांच्या ढिगातून उंदीर निघून धान्याच्या कणगीकडे वळतात. त्याच सुमारास जुन्या वाड्याच्या वळचणीतून गव्हाणी घुबड बाहेर पडते. त्याच्या पिसांच्या कडा झालरीसारख्या मऊ असल्याने पंख वाजत नाहीत; आणि दोन्ही कानांची उंची सारखी नसल्यामुळे गडद अंधारातही नुसत्या खुडबुडीवरून उंदराची जागा त्यास अचूक कळते. उंदीर ते सबंध गिळते व न पचलेल्या हाडांची आणि केसांची गोळी मागाहून ओकून टाकते. अशी गोळी काडीने उकलून पाहा. आतील कवट्या मोजता येतील! अशा पक्ष्यास अशुभ समजून लोक दगड मारतात, हा केवढा अन्याय! उंदरांसाठी विष ठेवले, तर विष खाल्लेला उंदीर गिळून घुबडही मरते. वाचलेली उंदरीण मात्र सुमारे ३ आठवड्यांच्या गर्भारपणानंतर पुन्हा विते.