एक समाधी, दोन नावे

नानजिंगला येणारा प्रवासी डॉ. सन यत्-सेन यांच्या समाधीच्या ३९२ पायऱ्या चढतो आणि परततो. मी मात्र त्याच जांभळ्या पर्वताच्या झाडीत दुसऱ्या एका समाधीपाशी गेलो. ती आहे त्यांचे सहकारी ल्याव चुंगखाय आणि त्यांच्या पत्नी ह शियांगनिंग यांची.

लहानपणी शियांगनिंग यांचे पाय बांधले जात. त्या रात्री पट्ट्या कापून टाकीत. अखेर घरच्यांनी हात टेकले. ल्याव यांच्या वडिलांना मोकळ्या पायांचीच सून हवी होती. १८९७ साली विवाह झाला. पतीला जपानला शिकता यावे म्हणून या बाईंनी दागिने विकले; पुढे स्वतःही तेथे जाऊन चित्रकला शिकल्या.

२० ऑगस्ट १९२५ रोजी कँटनमध्ये ल्याव यांची त्यांच्यादेखत हत्या झाली. १९३५ मध्ये त्यांचा देह येथे आणला गेला. शियांगनिंग १९७२ मध्ये वारल्या. तेव्हा चीनमध्ये नेत्यांचे दहन करण्याचा प्रघात होता; तरी त्यांच्या इच्छेनुसार त्यांना पतीशेजारीच दफन केले गेले.

हुतात्म्याचे मरण आपण पाठ करतो. मागे राहिलेल्या सहचारिणीची ४७ वर्षे कोण मोजतो? त्या शिळेपुढे मी ती प्रथमच मोजली.