लेकीचा पाण्यावरचा संसार

"मुलगी कुठे असते हो?" असं कुणी विचारलं की मी "अमेरिकेत" म्हणायची आणि पटकन विषय बदलायची. पुढचा प्रश्न ठरलेला ना, "घर केवढं आहे?" काय सांगणार? लेक-जावई बोटीत राहतात म्हणून? तीही शिडाची, छत्तीस फुटी, जुनी बोट!

आम्ही सांगलीचे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णामाई घरात शिरली, तेव्हा आम्ही दोघं शेजाऱ्यांच्या गच्चीवर दोन रात्री काढल्या. शेवटी बोटीतून बाहेर काढलं आम्हाला. गाद्या, कपाटं, लेकीचे लहानपणचे फोटो, सगळं चिखलात गेलं. तेव्हापासून पाणी म्हटलं की पोटात गोळा येतो. आणि हिने पाण्यावरच घर करावं? "भाडं परवडत नसेल तर परत या," इथपर्यंत बोलले मी फोनवर. दोन महिने ती माझ्याशी नीट बोलली नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये मी एकटीच गेले. ह्यांचे गुडघे बोटीच्या शिडीला तयार नव्हते. अलामेडा हे सॅन फ्रान्सिस्कोसमोरचं बेटावरचं गाव, फेरीबोटीनं वीसेक मिनिटांत शहर. धक्क्यावर ओळीनं बोटी बांधलेल्या. पण राहायची परवानगी थोड्यांनाच. तिथल्या खाडीवर देखरेख करणाऱ्या सरकारी मंडळाच्या धोरणानुसार एका धक्क्यावर फार तर दहा टक्के बोटींत राहता येतं. बाकीच्या बोटींचे मालक शनिवार-रविवारचे पाहुणे.

आत उतरले आणि आधी स्वयंपाकघर बघितलं. आपल्या देवघराएवढं! दोन बर्नरची शेगडी पाळण्यासारखी झुलते, म्हणजे बोट कलली तरी भांडं सपाट राहतं. फ्रीज पेटीसारखा वरून उघडायचा. खालची भाजी हवी असेल तर आधी वरचं सगळं बाहेर काढा. पाणी टाकीतलं, मोजून वापरायचं. संडासातलं खाडीत सोडायला सक्त मनाई. ते बोटीतल्या टाकीत साठवायचं आणि धक्क्यावरच्या पंपानं ओढून न्यायचं. हे काम जावईबापू करतात, न सांगता. (आमच्याकडे ह्यांनी कधी बाथरूमची जाळी उचलली नाही!) आंघोळीला मात्र किल्ली घेऊन किनाऱ्यावरच्या न्हाणीघरात. सगळ्यात वाईट म्हणजे ओल. माझे पोहे चार दिवसांत मऊ पडले, गादीच्या खालच्या बाजूला बुरशी. शिवाय दर दोन-तीन वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढून तळाला रंग द्यायचा, त्याचा खर्च वेगळा. स्वस्ताई म्हणतात ती एवढीही स्वस्त नाही, हे माझं मत अजून बदललेलं नाही.

त्या हिवाळ्यात पावसानं कहर केला. ३१ डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्कोत एका दिवसात साडेपाच इंचांच्या आसपास पाऊस पडला. ४ जानेवारीला राज्यात आणीबाणी जाहीर झाली, रात्री वादळ. जावईबापू नेमके कामासाठी परगावी. डोलकाठ्यांमधून वारा असा घुमत होता, मी रामरक्षा सुरू केली. तेवढ्यात धक्क्यावरची वीज गेली आणि पायाखाली घुर्रघुर्र आवाज. "आई, घाबरू नकोस, तळातलं पाणी बाहेर टाकणारा पंप आहे. बॅटरीवर चालतो."

तिनं रेनकोट, लाइफ जॅकेट चढवलं, कपाळाला दिवा बांधला आणि बाहेर गेली. मी वरच्या झापेतून बघत होते. दोर तपासले, एक घासून झिजला होता तिथे दुसरा बांधला, बोट आणि धक्का यांच्यामधले रबरी फुगे सारखे केले. शेजारच्या बोटीत एकट्या राहणाऱ्या आजींना हाक मारून आली. झुरळाला घाबरणारी माझी पोर!

चिंब भिजून आत आली, तेव्हा मी तिचे केस पुसले. चहा केला. "उलटली तर गं?" मी विचारलं. ती म्हणाली, "तळाशी जड वजन असतं आई. तुझी ती बाहुली होती ना, पाडली तरी उभी राहणारी? तशी. आणि धक्काही तरंगता आहे, पाणी चढलं की धक्का चढतो, बोटही चढते." मग थोडं थांबून, "पुराच्या वेळी मी इथे टीव्हीवर सांगली बघत होते. तुम्ही फोन उचलत नव्हता. तेव्हा वाटलं होतं, आपलं घर पाण्याबरोबर वर का नाही गेलं?"

मला काही बोलता आलं नाही. चहा निवला.

परत आल्यावर भिशीत मीच सांगून टाकलं. बायकांनी प्रश्नांचा भडिमार केला. कपडे कुठे वाळत घालता, कुकरच्या शिट्ट्या शेजारी ऐकतात का! आमच्या मोठ्या जाऊबाईंचा प्रश्न शेवटी आला, "बाकी सगळं ठीक, पण देव कुठे ठेवलेत गं?"

मी नेलेली पितळी अन्नपूर्णा फळीवर दुहेरी टेपनं चिकटवलीय, हे सांगितलं. वादळाच्या रात्री लेकीनं तिला उचलून, टॉवेलमध्ये गुंडाळून, भांडी घासायच्या सिंकमध्ये ठेवलं होतं, कारण तिथून काही पडत नाही, हे मात्र अजून सांगितलेलं नाही.